जुन्या परफॉर्मन्स गाडीचा हायड्रॉलिक ब्रेक बूस्टर बदलायचाय? पाना उचलण्याआधी हे वाचा

जुनी, दणकट इंजिनाची गाडी घेतली की सुरुवातीचे महिने सगळं लक्ष इंजिनाकडंच असतं. ब्रेककडं बघायची वेळ येते ती पेडल दगडासारखं कडक लागतं तेव्हा. बरोबर स्टिअरिंगही जड झालेलं असतं. बॉनेट उघडून बघावं तर मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा जोर ब्रेक फ्लुइडवर देणाऱ्या भागाच्या) मागं नेहमीचा मोठा काळा गोल डबा नाहीच. त्या जागी ओतीव धातूचा एक ठोकळा, त्याला तीन पाइप आणि बाजूला चिकटलेली एक डबी. हा हायड्रॉलिक ब्रेक बूस्टर, म्हणजे तेलाच्या दाबानं पायाच्या जोराला मदत करणारा भाग.

ज्यांनी ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, बेल्ट अशी कामं स्वतः केलीत पण या ठोकळ्याला कधी हात लावला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पॅडसुद्धा कधी बदलले नसतील तर या कामानं सुरुवात करू नका. आधी एखाद्या साध्या गाडीचे ब्रेक उघडून बसवा, मग इकडं या.

गाडीत हा प्रकार असतो कशाला

साध्या पेट्रोल गाडीचा बूस्टर इंजिनाच्या इनटेकमधल्या व्हॅक्यूमवर चालतो. टर्बो इंजिन दाबाखाली असताना तिथं व्हॅक्यूम नसतोच, आणि तिखट कॅमशाफ्ट घातलेलं इंजिन आयडलला पुरेसा व्हॅक्यूम देत नाही. काही गाड्यांत अडचण वेगळीच, जागेची. १९९६ साली फोर्डनं मस्टँग जीटीमध्ये ४.६ लिटरचं ओव्हरहेड कॅमचं व्ही-८ घातलं. ते इतकं रुंद होतं की मोठ्या व्हॅक्यूम डब्याला जागा उरली नाही. म्हणून पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर चालणारा बूस्टर आला, आणि तो २००४ पर्यंत त्या गाडीत राहिला. बेंडिक्स कंपनीनं ही रचना त्याच्या बरीच आधी, १९७०च्या दशकात, अमेरिकन गाड्यांसाठी आणली होती.

चालतो कसा? पंपातून दाबाखालचं तेल आधी बूस्टरमध्ये येतं, तिथून पुढं स्टिअरिंगला जातं आणि मग टाकीत परततं. पेडल मोकळं असताना तेल नुसतं वाहत राहतं. पाय दिला की आतला स्पूल व्हॉल्व्ह (भोकात मागंपुढं सरकणारी दांडी) सरकतो, तेलाची वाट अरुंद होते, मागं दाब चढतो आणि तो दाब पिस्टनमार्फत मास्टर सिलिंडरला ढकलतो. बाजूची डबी म्हणजे ॲक्युम्युलेटर. तिच्यात नायट्रोजन कोंबलेला असतो, काही जुन्या प्रकारांत स्प्रिंग असते. इंजिन बंद पडलं, बेल्ट तुटला, तर एखाद-दोन वेळा ब्रेक दाबण्यापुरता साठा तिच्यात असतो. तो संपल्यावरही ब्रेक लागतात, कारण पेडलचा दांडा थेट मास्टर सिलिंडरपर्यंत जातो. फक्त दोन्ही पाय देऊन उभं राहावं लागेल इतका जोर लागतो.

आता एक फाटा, आणि तो नीट समजून घ्या. काही जुन्या गाड्यांत बूस्टरला स्टिअरिंगचा पंप नसतो, स्वतःचा इलेक्ट्रिक पंप असतो. १९८०च्या दशकातल्या ब्यूक रीगल टर्बोचा पॉवरमास्टर हा त्यातला; त्या काळच्या काही जर्मन, स्वीडिश आणि ब्रिटिश गाड्यांतली तेव्हेस कंपनीची एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी) रचनाही त्यातली. तिथं बूस्टरमध्येही ब्रेक फ्लुइडच असतो आणि ॲक्युम्युलेटरमध्ये सतत १४० ते १८० बारपर्यंत दाब असू शकतो. मर्सिडीजच्या २००३ च्या आसपासच्या ई-क्लासमधली एसबीसी (इलेक्ट्रॉनिक्सवर चालणारी ब्रेकची रचना) तर आणखी पुढची. गाडी बंद असताना नुसतं दार उघडलं तरी ती जागी होऊन कॅलिपर (चाकाजवळ पॅड दाबणारा भाग) आवळते, आणि बोट मध्ये असेल तर बोट जातं. एसबीसीला स्कॅनरनं निष्क्रिय केल्याशिवाय हात लावायचा नाही. नवशिक्यानं तर लावायचाच नाही.

पुढचं सगळं स्टिअरिंगच्या पंपावर चालणाऱ्या प्रकाराबद्दल आहे. उदाहरण म्हणून मस्टँग डोळ्यापुढं ठेवली आहे.

दोन तेलं, दोन रबरं

या कामात एकच गोष्ट खरी महाग पडते. फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला) लागून असलेला बूस्टर पेट्रोलियम तेलावर चालतो: एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) किंवा स्टिअरिंगचं तेल. त्याच्या तोंडाला बोल्टनं जोडलेला मास्टर सिलिंडर ग्लायकॉलच्या ब्रेक फ्लुइडवर चालतो. दोघांमध्ये अंतर काही इंचांचं. पेट्रोलियम तेलाला चालणारं रबर म्हणजे नायट्राइल, ब्रेक फ्लुइडला चालणारं रबर ईपीडीएम. एकाचं तेल दुसऱ्याच्या रबराला लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं आणि सील तुटतो.

ब्रेकच्या टाकीत चमचाभर एटीएफ पडलं तर गाडी त्या दिवशी धावते. नंतर हळूहळू पेडल वर येईनासं होतं, चाकं गरम व्हायला लागतात, ब्रेक धरून राहतात. टाकीच्या झाकणाखालची रबरी पडदी काढून बघितली तर ती लाटेसारखी वाकडीतिकडी झालेली असते आणि परत जागेवर बसत नाही. तेव्हा नुसतं फ्लुइड बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडर, कॅलिपरचे सील, सगळ्या रबरी नळ्या आणि एबीएसचं युनिट असा सगळा संसार बदलावा लागतो.

बेळगावात हे जास्तच जपावं लागतं, आणि त्याचं कारण चांगलंच आहे. आपलं गाव हायड्रॉलिकचं. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत पंप, व्हॉल्व्ह, सिलिंडर बनतात, फाउंड्र्या आहेत, लेथवर मायक्रॉनमध्ये काम करणारी माणसं आहेत. उसाच्या ट्रॉलीचा टिपर असो की जेसीबीचा हात, फुटलेला होज घेऊन गेलात की तासाभरात नवा क्रिंप करून मिळतो. ओ-रिंग तर मापानं हवी तशी मिळते. पण तिथं मिळणारी जवळजवळ प्रत्येक रिंग नायट्राइलची असते, कारण सगळ्या गावाचा धंदा पेट्रोलियम तेलाचा आहे. बूस्टरच्या बाजूला ती चालेल. मास्टर सिलिंडरच्या, कॅलिपरच्या बाजूला अजिबात नाही. दोन्ही रिंगा काळ्या, दोन्ही बोटात सारख्याच लागतात. डोळ्यांनी फरक कळत नाही. ब्रेकच्या बाजूचा प्रत्येक रबरी भाग ब्रेकच्या किटमधूनच घ्या, सुटा घेऊ नका.

कुठल्या जागी कुठलं तेल गळतंय हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. कागदी पेल्यात अर्धं पाणी घ्या. गळतीची जागा स्वच्छ काडीनं पुसून ती काडी पाण्यात बुडवून हलवा. ब्रेक फ्लुइड पाण्यात विरघळून नाहीसा होतो. एटीएफ वर तरंगतं आणि त्याचा तवंग इंद्रधनुष्यासारखा चमकतो. मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांच्या सांध्यातून ओल दिसत असेल तेव्हा या एका काडीनं निम्मा निकाल लागतो: तवंग आला तर बूस्टरचा पिस्टन सील गेलाय, विरघळलं तर मास्टर सिलिंडर गळतोय.

आधी निदान, मग खर्च

आमच्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींचं कुठल्याही गाडीपुढं एकच वाक्य असतं: "काय व्हायलंय ते आधी बघूया की, पार्ट काय पळून जातोय?" बूस्टर महाग, बहुतेक वेळा बाहेरून मागवावा लागतो, आणि दोष अनेकदा दुसरीकडंच असतो.

पहिली चाचणी. इंजिन बंद ठेवून पेडल पुन्हा पुन्हा दाबा, अगदी कडक होईपर्यंत. आता पाय मध्यम जोरानं दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. बूस्टर चालत असेल तर पेडल थोडं खाली जातं आणि मग पायाला हलकंसं वर ढकलतं. काहीच झालं नाही तर मदत येत नाहीये. पण ती बूस्टरमुळं की पंपामुळं, हे अजून कळलेलं नाही.

त्यासाठी स्टिअरिंग फिरवून बघा. ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड असतील तर आधी बेल्ट, टाकीतली तेलाची पातळी आणि पंप तपासा. बेल्ट गुळगुळीत झाला असेल किंवा तेलानं भिजला असेल तर तो घसरतो, तेही नेमकं वळणावर ब्रेक दाबताना, कारण तेव्हाच पंपावर सगळ्यात जास्त भार येतो. स्टिअरिंग हलकं आणि ब्रेकच जड असेल तर संशय बूस्टरवर. पेडल कडक नसून स्पंजासारखं लागत असेल तर ब्रेकच्या लाइनमध्ये हवा आहे. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसत असेल तर मास्टर सिलिंडर. या शेवटच्या दोन्हींत बूस्टरचा काही संबंध नाही, आणि या दोन्ही तक्रारींवर बूस्टर बदलून दिलेल्या गाड्या मी बघितल्या आहेत.

ॲक्युम्युलेटरची चाचणी वेगळी. इंजिन सुरू असताना स्टिअरिंग एका टोकापर्यंत नेऊन क्षणभर धरा, की साठा भरतो. इंजिन बंद करा, तासभर चहापाणी करून या आणि मग पेडल दाबा. पहिल्या दोन दाबांना मदत मिळायला हवी. पहिलाच दाब कडक लागला तर साठा टिकत नाही.

मग गळती. बूस्टरच्या गळतीच्या जागा ठरलेल्या असतात: मास्टर सिलिंडरकडचं तोंड, ठोकळ्याच्या दोन भागांमधला सांधा, स्पूलच्या टोकाचं बूच, ॲक्युम्युलेटरची रिंग, पाइपांची जोडणी आणि पेडलच्या दांड्याकडची बाजू. ही शेवटची गळती बाहेर दिसतच नाही. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचला. फायरवॉलवरून तेलाचा ओघळ आला असेल तर दांड्याचा सील गेलाय.

सामान: काय घ्यायचं, कुठून

तीन मार्ग असतात: नवा बूस्टर, कारखान्यात पुन्हा बांधलेला, किंवा नुसतं सील किट घालून जुनाच दुरुस्त करणं. किट स्वस्त असतं आणि हात शिवशिवतात, पण पहिल्याच वेळी ठोकळा उघडू नका असं माझं स्पष्ट मत. स्पूल आणि त्याचं भोक यांच्यातली फट मायक्रॉनमधली. एक ओरखडा पडला, किंवा पॉलिश पेपरनं गंज घासला, की मग कितीही नवे सील घाला, ब्रेक आपोआप धरतो नाही तर उशिरा सुटतो. सांध्यातली साधी गळती असेल आणि गावातल्या हायड्रॉलिकच्या चांगल्या कारागिराकडून उघडून घेणार असाल तर गोष्ट वेगळी. तरी त्याला आधीच सांगा की हा ब्रेकचा भाग आहे, टिपरचा व्हॉल्व्ह नव्हे.

दाबाचा होज उद्यमबागेत बनवून घ्यायचा का? दाबाचा प्रश्न नाही. स्टिअरिंगच्या लाइनमध्ये साधारण शंभर बारच्या आसपास दाब जातो आणि तारेच्या जाळीचा साधा हायड्रॉलिक होज त्यापेक्षा बराच जास्त सोसतो. प्रश्न उष्णतेचा. नेहमीचा औद्योगिक होज शंभर अंश सेल्सियसपर्यंतच्या तेलासाठी असतो. व्ही-८ किंवा टर्बो इंजिनात एक्झॉस्टच्या शेजारून जाणारा होज त्याहून जास्त तापतो, आणि रबर आतून कडक होऊन तडकतं. त्यामुळं पॉवर स्टिअरिंगसाठीचाच होज मागा, नसेल तर मूळ होज मागवा. एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या भागावर उष्णतारोधक बाही चढवा. चाकाकडं जाणारा ब्रेकचा रबरी होज मात्र कुठल्याही हायड्रॉलिकच्या दुकानात बनवून घेऊ नका. तो तयार, ब्रेकचाच हवा.

तेलाचं नाव टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये बघा. मस्टँगला मरकॉन प्रकारचं एटीएफ चालतं. जुन्या काही जर्मन गाड्यांना हिरवं खनिज हायड्रॉलिक तेल लागतं आणि तिथं एटीएफ घातलं तर सील खराब होतात. ब्रेकसाठी झाकणावर लिहिलेलं डॉट ३ किंवा डॉट ४ घ्या. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते या दोघांशी मिसळत नाही. दुकानात नुसतं "ऑइल द्या" म्हणू नका, पी. बी. रोडवर काउंटरवरचा पोऱ्या हाताला येईल ती बाटली देतो. जुनी रिकामी बाटली घेऊन जा किंवा झाकणाचा फोटो दाखवा.

याशिवाय लागतील: फ्लेअर नटचा पाना (पाइपाच्या नटावर साधा फिक्स पाना घसरतो आणि नट गोल होतो), सॉकेटचा संच आणि लांब एक्स्टेन्शन, जॅक स्टँड, पाइपांची तोंडं झाकायला बुचं, रिटर्न लाइनसाठी एक लहान फिल्टर, नवे होज क्लिप, भरपूर जुनी कापडं आणि एक पसरट परात.

काढणं

गाडी सपाट जागी लावा, चाकांमागं दगड लावा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. इंजिन थंड हवं.

पहिलं काम धुण्याचं. खानापूरकडं फिरणाऱ्या गाडीच्या फायरवॉलवर लाल मातीचा थर बसलेला असतो, आणि पाइप सुटला की ती माती सरळ स्पूलमध्ये जाते. ब्रश आणि ब्रेक क्लीनरनं बूस्टर, मास्टर सिलिंडर, सगळ्या नट-जोडण्या चकचकीत करा. या अर्ध्या तासात आळस केला तर पुढचा सगळा खर्च पाण्यात.

इंजिन बंद असतानाच पेडल वीस-पंचवीस वेळा पूर्ण दाबा. पेडल कडक झालं म्हणजे साठा रिकामा झाला. याआधी एकही पाइप सोडायचा नाही; दाबाखालचं तेल बारीक फटीतून कातडीत घुसतं, आणि तसं झालं तर जखम किती लहान दिसते त्यावर जाऊ नका, थेट दवाखाना गाठा.

मग मास्टर सिलिंडर. इथं नवशिक्यांना दिलासा आहे. तो बूस्टरला दोन नटांनी धरलेला असतो, आणि ब्रेकचे पाइप न सोडता बहुतेक गाड्यांत तो पुढं ओढून बाजूला घेता येतो. पाइप सोडले नाहीत तर ब्रेकमध्ये हवा जात नाही आणि चारही चाकांचं ब्लीडिंग, म्हणजे लाइनमधली हवा काढणं, वाचतं. पाइप वाकतील इतकं ओढू नका, तारेनं बॉनेटच्या कडेला बांधून ठेवा. त्याच्या मागच्या तोंडाकडं टॉर्च लावून बघा. ओल असेल तर काडीची चाचणी करा, आणि ब्रेक फ्लुइड निघाला तर मास्टर सिलिंडरही आत्ताच बदला. ब्रेक फ्लुइड रंगावर सांडला तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. तो रंग खातो, पण पाण्यानं निघून जातो.

आता बूस्टरचे तीन पाइप. खाली परात ठेवा. सोडण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येकाला वेगळ्या रंगाची टेप लावा: पंपाकडून येणारा, स्टिअरिंगकडं जाणारा, आणि टाकीकडं परतणारा. पहिल्या दोघांची अदलाबदल झाली तर बूस्टर चालणार नाही. सुटलेलं प्रत्येक तोंड लगेच बुचानं बंद करा.

शेवटी आतलं, म्हणजे मानेचं काम. डॅशबोर्डखाली आडवं पडून पेडलच्या दांड्यापर्यंत पोचावं लागतं. मस्टँगमध्ये ब्रेक लाइटचा स्विच हा दांडा अडकवलेल्या खिळीवरच बसलेला असतो, त्याच्या पुढं प्लॅस्टिकचे बुश आणि शेवटी केसाच्या पिनेसारखी क्लिप. स्विचचा कनेक्टर आधी काढा, मग क्लिप, मग सगळे तुकडे ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं कापडावर मांडा. हे बुश मॅटखाली गडप होतात आणि नंतर पेडल खडखडतं. फायरवॉलचे चार नट काढताना एका माणसानं बाहेरून बूस्टर धरलेला असू द्या. शेवटचा नट निघाला की तो एकदम खाली येतो.

बसवण्याआधी दोन मापं

जुना आणि नवा बूस्टर शेजारी ठेवा. मास्टर सिलिंडरला ढकलणाऱ्या दांड्याची लांबी दोघांत सारखी हवी. नवा दांडा लांब असेल तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागं येत नाही, फ्लुइडला टाकीत परतायची वाट बंद राहते, ब्रेक तापत जातात आणि काही किलोमीटरवर चाकं जाम होतात. आखूड असेल तर पेडल निम्मं खाली जाईपर्यंत काहीच होत नाही. बऱ्याच बूस्टरमध्ये जुना दांडा नव्यात घालता येतो. येत असेल तर तेच करा. शंका असेल तर उद्यमबागेत कुठल्याही लेथवाल्याकडं व्हर्नियर आणि डेप्थ गेज असतो, दोन्ही मापं घ्यायला पाच मिनिटं लागतात.

दुसरं, पाइपाच्या जोडणीची जात. काही ठिकाणी फ्लेअर, काही ठिकाणी ओ-रिंग, फोर्डमध्ये टेफ्लॉनची बारीक रिंग. जी असेल ती नवी घाला. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप मात्र कुठल्याच जोडणीला नको. तिचा एक धागा सुटून स्पूलमध्ये अडकला की पुन्हा सगळं खोलावं लागतं.

जुनं तेल परातीत पडलंय ते उन्हात धरून बघा. त्यात चमचमणारे कण दिसले तर पंप झिजतोय. तोच पंप नव्या बूस्टरला कण पाजणार, त्यामुळं आधी पंपाचं बघा, लाइन धुऊन काढा. कण नसले तरी रिटर्न लाइनमध्ये फिल्टर घालावा.

बसवणं

काढलं त्याच्या उलट क्रमानं. सगळे नट आधी हातानं लावा, मग पान्यानं, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कनं. पाइपाचे नट तर पहिले दोन-तीन आटे बोटांनीच फिरले पाहिजेत. आटे चढले नाहीत म्हणून पाना लावला की ठोकळ्याचे आटे गेले. ब्रेक लाइटचा स्विच विसरू नका, आणि मागं कुणाला तरी उभं करून दिवा लागतो का बघून घ्या.

मूळ रचनेत नसलेल्या गाडीत कुणी हा बूस्टर नंतर घातला असेल तर रिटर्नकडं खास लक्ष द्या. स्टिअरिंगचा आणि बूस्टरचा परतीचा पाइप एकाच टी-जोडणीत घातलेला दिसतो. स्टिअरिंग जोरात फिरवलं की त्या परतीच्या लाइनमध्ये दाब चढतो आणि पाय न लावता ब्रेक धरू लागतो. टाकीला दोन स्वतंत्र परतीची तोंडं असलेली बरी.

तेल भरणं आणि हवा काढणं

घाई इथंच नडते. एटीएफ आणि हवा एकत्र घुसळली की दुधाळ गुलाबी फेस होतो, आणि फेसावर ना पंप चालतो ना बूस्टर.

पुढची चाकं जॅक स्टँडवर उचला म्हणजे स्टिअरिंग मोकळं फिरेल. टाकी भरा आणि थोडा वेळ तशीच राहू द्या. मग इंजिन सुरू होणार नाही अशी सोय करा, इंधनाच्या पंपाचा रिले काढा, आणि स्टार्टर काही सेकंद मारा. पातळी उतरेल, पुन्हा भरा. पातळी स्थिर होईपर्यंत हेच. या काळात ब्रेकला पाय लावायचा नाही.

आता रिले घाला, इंजिन सुरू करा आणि आयडलवर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, पंप तापतो. मग स्टिअरिंग फिरवता फिरवता ब्रेक हलके दाबा. इंजिन बंद करा, पेडल दाबून साठा रिकामा करा, पातळी बघा. फेस दिसत असेल तर झाकण सैल ठेवून तासभर गाडीला हात लावू नका. नंतर पुन्हा तेच. सुरुवातीला पंपातून येणारा घरघर आवाज हवा निघाली की जातो. आवाज कायम राहिला तर टाकीपासून पंपाकडं येणाऱ्या जाड होजची क्लिप बघा. तिथून तेल गळत नाही, पण हवा आत ओढली जाते.

ब्रेकचे पाइप सोडले असतील तर चारही चाकांचं ब्लीडिंगही करावं लागेल, आणि एबीएस असेल तर काही गाड्यांत स्कॅनर लागतो. पावसाळ्यात काम करत असाल तर ब्रेक फ्लुइडची बाटली उघडी ठेवू नका, आणि अर्धी उरलेली मागच्या वर्षीची वापरू नका. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओल शोषलेल्याचा १५५ वर येतो. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या हवेत ओल शोषायला त्याला फार वेळ लागत नाही.

रस्त्यावर

आधी मघाची चाचणी पुन्हा: साठा रिकामा, पेडल दाबून धरलेलं, इंजिन सुरू. पेडल खाली जाऊन वर ढकललं पाहिजे. मग इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून धरा आणि दुसऱ्या माणसाला टॉर्चनं प्रत्येक सांधा बघू द्या. एक थेंबही नको.

पहिली चाल कंपाउंडच्या आत, चालण्याच्या वेगानं. हँडब्रेक चालतोय याची खात्री आधीच. मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर हळूहळू वेग वाढवत. थांबून चारही चाकांजवळ हात न्या. सगळीच जास्त तापली असतील तर दांड्याची लांबी तपासा; एखादंच तापलं असेल तर त्या चाकाचा कॅलिपर किंवा होज बघा. एकदा कुणातरी अनुभवी मिस्त्रींच्या डोळ्यांखालून गाडी घाला, आणि त्यानंतरच वंटमुरीचा घाट. चोर्ला किंवा आंबोली त्याच्याही नंतर.

घाटाबद्दल एक सांगायलाच हवं. आपल्या भागात उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची सवय अजून कुणाकुणाला आहे. कुठल्याच गाडीत ती बरी नाही. या गाडीत इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे स्टिअरिंग जड, आणि ब्रेकला फक्त ॲक्युम्युलेटरचे एक-दोन दाब. तिसऱ्या वळणावर पेडल कडक होतं. गिअरमध्येच उतरा. गाडी बंद पडलीच तर दोरीनं ओढून आणू नका, फ्लॅटबेडवर टाकून आणा, कारण दोरीमागच्या गाडीला ब्रेकची मदत नसते आणि पुढच्याला ते कळत नाही.

पहिल्या आठवड्यात रोज सकाळी टाकीची पातळी, फायरवॉलची आतली बाजू आणि मास्टर सिलिंडरचा सांधा बघा. पातळी उतरत असेल आणि बाहेर गळती दिसत नसेल तर पुन्हा मॅट उचला.

राहिला जुना बूस्टर. त्याला चिकटलेला ॲक्युम्युलेटर पेडल मारून रिकामा झाला तरी आत नायट्रोजन दाबाखालीच असतो. उघडू नका, ठोकू नका, आणि तसाच भंगारात तर देऊच नका. भंगारवाला त्याला गॅस कटर लावतो आणि डबी हातबॉम्बसारखी फुटते. उद्यमबागेत मोठ्या मशीनचे ॲक्युम्युलेटर भरणारे आणि रिकामे करणारे वर्कशॉप आहेत. तिथं नेऊन वायू सोडवून घ्या, डबीवर रंगानं "रिकामी" असं लिहा, आणि मगच भंगाराच्या ढिगात टाका.